कर्ट वॉर्नरबद्दल मी टाकलेला मेसेज चुकीचा होता

कर्ट वॉर्नर हा अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू. परवा मी इथे एक मेसेज टाकला होता: 'किराणा दुकानात काम करणाऱ्या कर्ट वॉर्नरला एका कोचने हेरलं आणि वर्षभरात तो सुपर बोल जिंकला.' (सुपर बोल म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना.) हा मेसेज बराच फिरतोय. न तपासता टाकला, चूक माझी.

दुकान खरं आहे. 1994 मध्ये ग्रीन बे पॅकर्स या संघाने सराव शिबिरातूनच काढल्यावर तो आयोवातल्या सुपरमार्केटमध्ये रात्रपाळीला फळ्यांवर माल लावायचा. पण तिथे त्याला कुणी हेरलं नाही. 1995 ते 97 तो आयोवा बार्नस्टॉर्मर्सकडून अरीना फुटबॉल खेळला. छताखालचं आखूड मैदान, चेंडू हातात आला की लगेच फेकायचा. हात तिथेच तयार झाला असावा. मग 1998 मध्ये ॲमस्टरडॅमचा संघ, नंतर सेंट लुईस रॅम्सचा राखीव खेळाडू. 1999 मध्ये रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला म्हणून संधी मिळाली. जानेवारी 2000 मध्ये सुपर बोलमध्ये टेनेसीविरुद्ध 23-16 असा विजय, त्यात त्याचे पासिंगचे, म्हणजे फेकलेल्या चेंडूंवर मिळवलेले, 414 यार्ड.

हे सगळं या खेळातल्या थोर खेळाडूंचा सन्मान करणाऱ्या हॉल ऑफ फेमच्या नोंदींशी ताडून पाहिलं. 2017 मध्ये तो तिथे दाखल झाला. मधली पाच वर्षं गाळलेला तो जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याखाली हा टाका.