बाप्तिस्मा, कृपा आणि एक दुखावणारं वाक्य

नमस्कार. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारा ख्रिस्ती दीक्षाविधी, हे देवाची कृपा मिळण्याचं साधन आहे, असं मांडणाऱ्या माझ्या लेखावर वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत, आभार. तुमच्या प्रतिक्रियेत मुद्दे बरेच आहेत, पण मला लागलं ते एक वाक्य : ‘बाप्तिस्म्याला कृपेचं साधन म्हणणाऱ्यांनी कृपा कधी अनुभवलेलीच नसते.’ मतभेद मी समजू शकते. पण समोरच्या व्यक्तीला देवाची कृपा लाभली की नाही, याचा निवाडा एका लेखावरून? हा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

येशूबरोबर वधस्तंभावर खिळलेल्या चोराचा तुमचा दाखला मान्य. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, तरी येशूने त्याला त्याच दिवशी सुखलोकाचं वचन दिलं. बाप्तिस्म्यावाचून देव कुणाला तारूच शकत नाही, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. ३९२ साली रोमन सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याआधीच मरण पावला, तेव्हा बिशप अँब्रोजने त्याच्या मनातली बाप्तिस्म्याची ओढच ग्राह्य धरली. पण वधस्तंभावर ज्याचे हातपाय जखडलेले होते, त्या चोराच्या उदाहरणावरून मोकळ्या माणसांसाठी नियम काढता येत नाही.

आता त्या वाक्याकडे येते. कृपा फुकट, बाप्तिस्मा हे माणसाचं कृत्य, म्हणून दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत, असा तुमचा तर्क आहे. पण बाप्तिस्म्यात कृत्य कोणाचं? स्वतःचा बाप्तिस्मा स्वतः कुणी करत नाही. तो दुसऱ्याच्या हातून स्वीकारावा लागतो. बायबलमधल्या, प्रेषित पौलाने तीताला लिहिलेल्या पत्रातलं ३:५ पुन्हा वाचा. आपण केलेल्या नीतीच्या कर्मांमुळे नव्हे, तर देवाच्या दयेने, नव्या जन्माच्या स्नानाद्वारे आपलं तारण झालं, असं तिथे आहे. कर्मं एका बाजूला आणि स्नान दुसऱ्या बाजूला, दयेच्या बाजूला! रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ‘कृपेने फुकट नीतिमान’ म्हणणारा पौलच सहाव्यात सांगतो की बाप्तिस्म्याने आपण ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो. कर्मांनी तारण होतं या शिकवणीविरुद्ध आयुष्यभर झगडलेल्या मार्टिन ल्यूथरने १५२९ च्या ‘मोठी प्रश्नोत्तरी’ या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात बाप्तिस्मा हे माणसाचं नव्हे, देवाचं काम असं ठासून लिहिलं. त्यालाही कृपा कळली नव्हती, असं म्हणायचं आहे का?

आणि माझ्याविषयी बोललाच आहात तर ऐका. मी तान्ही असताना माझा बाप्तिस्मा झाला. तरुणपणी एका मंडळीत मला सांगण्यात आलं की तेव्हा तुझा विश्वास नव्हता, म्हणून तो बाप्तिस्माच नव्हे. त्यानंतर कितीतरी काळ मी स्वतःचा विश्वास तपासत बसले. आज पुरेसा वाटायचा, उद्या एखादं पाप घडलं की सगळंच खोटं वाटायचं. प्रार्थनासुद्धा परीक्षेसारखी झाली होती. त्यातून मला बाहेर काढलं ते याच जाणिवेने, की मला काही देता येत नव्हतं, धड बोलताही येत नव्हतं, तेव्हा देवाने मला आपलं म्हटलं होतं. ही कृपा नसेल तर कृपा म्हणजे काय, ते तुम्हीच सांगा. तुम्ही त्या काळात माझ्या शेजारी नव्हतात. तेव्हा मी काय अनुभवलं, हे कृपया मला शिकवू नका.

पाणी लागलं की माणूस आपोआप बदलतो, असंही माझं म्हणणं नाही. बाप्तिस्मा झालेल्या शिमोन जादूगाराने पवित्र आत्म्याचं दान पैशाने विकत घेऊ पाहिलं, तेव्हा येशूचा शिष्य पेत्र याने त्याला कसं खडसावलं ते बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहेच. त्याच पुस्तकातल्या कर्नेल्य या रोमी अधिकाऱ्याच्या घरी बाप्तिस्म्याच्या आधीच पवित्र आत्मा उतरला, हे तुम्ही मोठ्या जोरात लिहिलंत; पण लगेच पुढे पेत्राने त्यांना बाप्तिस्मा देण्याची आज्ञा केली, ते का गाळलंत? आत्मा मिळाल्यावर पाणी अनावश्यक असतं, तर पेत्र तिथेच थांबला असता.

बुडवायचं की शिंपडायचं, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने मरणशय्येवर बाप्तिस्मा का घेतला, या गोष्टी माझ्या लेखाचा विषय नव्हत्या. त्यात मी शिरत नाही. तीताच्या पत्रातल्या त्या वचनाचा तुम्ही वेगळा अर्थ लावत असाल तर अवश्य लिहा. मात्र वचनाबद्दल लिहा, माझ्या अंतःकरणाबद्दल नको.