‘एसी खोलीतले आकडे’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

‘सह्यवारा’ यांस,

बालमृत्यूवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. उत्तर तिथंच द्यायला बसलो होतो, पण ते लांबलं म्हणून वेगळं टाकतो आहे. मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९७१ साली भारतात जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत. २०२३ साली हा आकडा २५ वर आला. मी राहतो त्या मध्य प्रदेशात तो त्या वर्षीही ३७ होता आणि केरळात ५. घट खरी आहे आणि राज्याराज्यांतली दरीही खरी आहे, एवढंच मी म्हटलं होतं.

त्यावर तुम्ही लिहिता: “लेख वाचून करमणूक झाली. सरकारी आकडे एसी खोलीत बसून भरले जातात हे शेंबड्या पोरालाही कळतं. केरळचा मृत्युदर बिहारपेक्षा जास्त दाखवतात, यातच सगळं आलं. नंदुरबार-मेळघाटात पोरं मरतात ती कुठल्या रकान्यात बसवलीत? आणि जी जगली ती खुरटलेली आहेत, त्याचं काय? निवृत्त मास्तरांनी आरती ओवाळायच्या आधी जरा खेड्यात फिरून यावं.”

मतभेदाला माझी कधीच हरकत नव्हती. माझ्या लेखांखाली माझ्या विरोधात लिहिणारे अनेक आहेत आणि त्यांच्याशी माझं चांगलं जमतं. पण करमणूक? त्या लेखात मेलेल्या बाळांची संख्या होती. ती वाचून ज्यांची करमणूक होते त्यांनी मला संवेदनशीलता शिकवू नये. आणि खेड्यात फिरून यायचा सल्ला तर कुणाला देतो आहोत हे बघून तरी द्यायचा. या पानावर ‘माझ्याविषयी’ म्हणून चार ओळी आहेत, त्या वाचायला अर्धा मिनिट लागला असता. मी पांढुर्ण्याचा. सगळी नोकरी छिंदवाडा जिल्ह्याच्या जंगलभागात, गोंडांच्या गावांमध्ये झाली. बदली मागायची सोय होती, मी मागितली नाही.

आता त्या एसी खोलीबद्दल. हे वाक्य मला सोडून देता येत नाही, कारण ज्या नोंदींना तुम्ही खोटं म्हणता त्यातल्या काही माझ्या हातच्या आहेत.

देशाचा बालमृत्युदर ‘नमुना नोंदणी पद्धती’तून निघतो. सगळे तिला एसआरएस म्हणतात. १९६०च्या दशकात ती प्रायोगिक पातळीवर सुरू झाली आणि १९७०च्या सुमारास देशभर लागू झाली. आज देशात तिचे ८,८०० च्या आसपास नमुना विभाग आहेत आणि त्यांत ८० लाखांहून जास्त माणसं राहतात. प्रत्येक विभागाला एक अर्धवेळ गणक असतो. बहुतेक ठिकाणी तो गावातला शिक्षक असतो, नाहीतर अंगणवाडीची ताई. मानधन नावापुरतं. तो गणक काही वर्षं मी होतो.

काम काय? गावातल्या प्रत्येक घराची यादी ठेवायची. कोण नेहमी राहतं, कोण मजुरीला बाहेर गेलं, कोण पाहुणं आलं, सगळं लिहायचं. त्यात सगळ्यात महत्त्वाची यादी गरोदर बायांची. ती नीट ठेवली नाही तर बाकी सगळं फोल. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे तुम्हाला सांगायला नको. सून माहेरी जाते, तिकडं बाळ होतं, तिकडंच जातं, आणि ती रिकाम्या हातानं परत येते. घरचे बोलत नाहीत. ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू रजिस्टरात ना जन्म लागतो ना मृत्यू. पण माझ्या यादीत त्या सुनेपुढं ‘गरोदर’ लिहिलेलं असायचं. पुढच्या फेरीत ते नाव समोर आलं की विचारावंच लागे. सासू म्हणायची, “काही नाही झालं, जाऊ द्या गुरुजी.” तिथं उठून चालत नाही. अशा वेळी मी बायकोला सोबत नेई. ती आत चुलीपाशी बसून बोले, मी ओसरीवर थांबे. आणि तिला एक गोष्ट विचारूनच यावी लागे: बाळ रडलं होतं का? रडलं असेल, हललं असेल, श्वास घेतला असेल तर तो जिवंत जन्म, आणि मग त्याचा मृत्यू बालमृत्यूत धरायचा. नसेल तर मृत जन्म, त्याचा रकाना वेगळा. बाळ माहेरी गेलं तरी नोंद आमच्याच गावाची, कारण आई तिथली राहणारी.

हे झालं माझं काम. त्यावर दर सहा महिन्यांनी निरीक्षक येई आणि तो माझं रजिस्टर बघून काम करत नसे. तो स्वतः घरोघर जाऊन मागच्या सहा महिन्यांतले जन्म-मृत्यू नव्यानं विचारी. मग दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्या जात. एकीत आहे आणि दुसरीत नाही अशी प्रत्येक घटना घेऊन पुन्हा त्या घरी जाऊन खात्री करायची. एकाच घटनेच्या दोन स्वतंत्र नोंदी आणि त्यांची जुळणी, ही या पद्धतीची सगळी ताकद आहे. यात काही सुटत नाही असं मी म्हणत नाही. काही ना काही सुटतंच. पण एसी खोलीत बसून भरणं म्हणतात ते हे नव्हे. आमच्या गावात तेव्हा दिवसाचे काही तास वीज असायची. पावसाळ्यात दोन टोल्यांमधला, म्हणजे वस्त्यांमधला, नाला भरला की पाणी उतरेपर्यंत अलीकडं थांबावं लागे. त्या कामाची एका ओळीत खिल्ली उडवली गेली याचा मला राग आला आहे आणि तो लपवायची मला गरज वाटत नाही.

माझ्यावर विश्वास नसेल तर नका ठेवू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी घ्या. तिची रीत अगदी निराळी. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत ती होते, आणि तीत बायांना त्यांच्या सगळ्या बाळंतपणांचा इतिहास विचारतात. १९९२-९३च्या पहिल्या पाहणीत बालमृत्युदर ७८.५ होता, २०१९-२१च्या पाचव्या पाहणीत ३५.२. एसआरएसचा २०२० चा आकडा २८ आहे. “बघा, दोन सरकारी आकडे जुळत नाहीत” असं तुम्ही लगेच म्हणाल. पाहणीचा दर मागच्या पाच वर्षांचा असतो आणि एसआरएसचा त्या एका वर्षाचा. दर उतरत असताना पाच वर्षांचा आकडा वर दिसणारच. दोन निराळ्या वाटांनी गेलेले दोघं एकाच उतारावर भेटतात, तेव्हा उतार खरा आहे असं मानायला काय हरकत आहे?

सरकारी नकोच असेल तर गडचिरोली घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला, तो १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. गावातल्याच बायांना शिकवलं: बाळ कसं गरम ठेवायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, श्वास अडकला तर काय करायचं. नवजात मृत्यूंमध्ये ६२ टक्के घट झाली. तिथं मोजणारेही त्यांचेच होते, कुठल्या मंत्रालयाचे नव्हते. २०११ पासून देशभरातल्या आशा सेविका बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ बघतात, ते याच कामावरून.

केरळ-बिहारचं कोडं. तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत पुरावा म्हणून दिलेली गोष्ट ही एकच, आणि ती उलटी निघाली. २०२० साली केरळचा ढोबळ मृत्युदर हजार लोकसंख्येमागे ७.० आणि बिहारचा ५.४, हे बरोबर. ढोबळ मृत्युदरात सगळ्या वयाची माणसं एकत्र मोजतात. साठीच्या पुढचे लोक तेव्हा केरळात साडेसोळा टक्क्यांच्या आसपास होते, बिहारात आठ टक्क्यांच्याही आत. वर्गात मी हे असं सांगत असे की एका घरात चार म्हातारी माणसं आणि दुसऱ्यात चार शाळकरी पोरं असतील, तर वर्षभरात प्रेत कुठून निघण्याची शक्यता जास्त? म्हणून पहिलं घर रोगट ठरत नाही. त्याच वर्षी बालमृत्युदर बघा: केरळ ६, बिहार २७. आकडे बनवणाऱ्याला केरळ चांगलं दाखवायचं असतं तर त्यानं ढोबळ दरही कमी दाखवला असता. एक मात्र मान्य करतो. माझ्या लेखात हे दोन्ही दर एकाच परिच्छेदात आले होते आणि घाईनं वाचणाऱ्याचा त्यात घोळ होऊ शकतो. ती वाक्यं आता वेगळी केली आहेत.

आरतीबद्दल. कोविडच्या काळातला मृत्यूंचा सरकारी आकडा अपुरा आहे, हे मी याच जागेवर लिहिलं होतं. २०२१ अखेरपर्यंत सरकारी आकडा ४.८ लाख, जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज ४७ लाख. तेव्हा मला ‘देशद्रोही’ म्हणणारेही इथं येऊन गेले. आज तुम्ही भाट ठरवता. मी तोच माणूस आहे.

आणि घट झाली म्हटल्यावर मला आनंद होतो, हा आरोप असेल तर तो खरा आहे. का होतो तेही ऐका. आम्ही भावंडं जेवढी जन्मलो तेवढी जगलो नाही. माझी धाकटी बहीण १९७४च्या पावसाळ्यात हगवणीनं गेली. त्या वेळी घरोघर रीत अशी की पोराला जुलाब लागले तर पाणी बंद करायचं, पाण्यानं जुलाब वाढतात म्हणून. ती पाण्यासाठी हात पुढं करायची आणि आई तिचा हात खाली घ्यायची. आईनं प्रेमानंच केलं ते. त्याच्या तीन वर्षं आधी, १९७१ साली, डॉ. दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेचं पाणी पाजून कॉलऱ्याची माणसं वाचवली होती. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं होतं. उपाय सापडलेला होता, आमच्या घरापर्यंत आलेला नव्हता. पुढं मी शाळेत पोरांना चिमूटभर मीठ आणि मूठभर साखर शिकवली, तेव्हा ती पोरं घरी जाऊन आयांना सांगत. नाळ विळ्यानं कापून वर शेण लावलेली बाळं मी धनुर्वातानं आखडताना पाहिली आहेत. २०१५ साली भारतातून नवजात बाळांचा आणि बाळंतिणींचा धनुर्वात हटल्याचं जाहीर झालं. १९७१ चे १२९ आणि २०२३ चे २५ यांच्यामधला जो फरक आहे तो माझ्यासाठी रकान्यातला आकडा नाही. त्यात माझ्या बहिणीसारख्या पोरी आहेत, ज्या आता जगतात. कोणी येऊन म्हणावं की हे सगळं खोटं, काही बदललंच नाही, तर मी ते ऐकून घेणार नाही.

राहिले नंदुरबार, मेळघाट आणि खुरटलेली मुलं. एसआरएस जिल्ह्याचे आकडे देत नाही, राज्याच्या सरासरीत डोंगरातले पाडे दिसत नाहीत, हे ज्याला हा विषय ठाऊक आहे त्याला ठाऊकच आहे. माझा लेख देशाच्या आणि राज्यांच्या आकड्यांवर होता. महाराष्ट्रात खुरटलेल्या, म्हणजे वयाच्या मानानं उंची कमी असलेल्या, मुलांचं प्रमाण कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या पाहणीत ३४.४ टक्के आणि पाचव्या पाहणीत ३५.२ टक्के आहे, हेही मला माहीत आहे. कुपोषण हा वेगळा विषय आहे, त्यावर वेगळं लिहीन. एका लेखात सगळं का नाही असं विचारायचं असेल तर कुठल्याही लेखाखाली विचारता येतं.

तुमची प्रतिक्रिया काढायला दोघातिघांनी सांगितलं, मी ती काढलेली नाही. नंदुरबारच्या किंवा मेळघाटच्या एखाद्या गावची जन्म-मृत्यूंची नोंद तुमच्याकडं असेल, कुणी घरोघर जाऊन केलेली, तर पाठवा. नावं झाकून ती मूळ लेखाखाली लावतो. परत तीच शेंबड्या पोरांची भाषा आली तर मात्र उत्तर मिळणार नाही.