खुलासा : एआय अवतार आला म्हणून गुरुजी घरी बसणार नाहीत

एआय अवतार म्हणजे लिहून दिलेला धडा पडद्यावर बोलून दाखवणारा, संगणकाने बनवलेला चेहरा. त्यावरून नागपुरातल्या पालकांच्या ग्रुपांवर फिरतंय : ‘अवतार आले की शिक्षक कमी होणार, म्हणूनच मास्तर लोक विरोध करतात.’ तसं नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे एक शिक्षक लागतो, सहावी ते आठवीला ३५. पडद्यावरचा चेहरा त्यात मोजत नाहीत.

शिक्षकांची कुरकूर वेगळी. तीन मिनिटांच्या व्हिडिओला साधारण साडेतीनशे शब्दांची संहिता लागते, ती लिहिणार तेच. वर उच्चार! ‘जग’ म्हणजे दुनिया की ‘जगणे’तला? लिपीत दोन्ही ‘ज’ सारखेच, म्हणून यंत्र हमखास गडबडतं. मग वाक्य बदला, आवाज पुन्हा काढा, ओठ पुन्हा जुळवा. तोवर फळ्यावर धडा शिकवून झाला असता.