‘काम टाळणाऱ्या क्रीडाशिक्षकाची सोय’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

‘शाळेचे मैदान कोणाचे?’ या माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. खाली नाव नाही, ‘माजी राष्ट्रीय खेळाडू’ एवढीच सही आहे; त्यामुळे आपण कोणाशी बोलत आहोत हे कळायला मला मार्ग नाही. तरीही उत्तर देतो, कारण येथे येणाऱ्या वाचकांत क्रीडाशिक्षक बरेच आहेत आणि मी गप्प राहिलो तर आपले म्हणणे मला मान्य आहे असा अर्थ काढला जाईल.

मूळ लेखात माझे म्हणणे एवढेच होते की माध्यमिक शाळेत मैदान, साहित्य आणि शारीरिक शिक्षणाच्या तासिका यांवर पहिला हक्क वर्गावर्गांतल्या साखळी सामन्यांचा, म्हणजे प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी खेळेल अशा सामन्यांचा, असावा आणि तालुका-जिल्ह्याला जाणाऱ्या निवड संघाचा सराव शाळा भरण्यापूर्वी किंवा सुटल्यानंतर व्हावा. त्यावर आपण लिहिता की वर्गावर्गांतले सामने ही काम टाळणाऱ्या क्रीडाशिक्षकाची सोय आहे. अशा सामन्यांतून खाशाबा जाधवांसारखे ऑलिंपिक पदकविजेते घडत नसतात. पावसात साखळी सामने पुरे होतच नाहीत. लेखात मुलींचा उल्लेख नाही. आणि सामन्यात एखादे मूल पडले तर जबाबदारी कोणाची व विमा कुठे आहे.

आधी भाषेविषयी. ‘तुमच्यासारखे लोक’, ‘फुकटचा पगार’, ‘शिट्टी गळ्यात अडकवली म्हणजे कोणी क्रीडाशिक्षक होत नाही’ ही वाक्ये आक्षेप या सदरात बसत नाहीत. पंचाचा निर्णय पटला नाही तर कर्णधाराने पुढे येऊन विचारायचे असते आणि बाकीच्यांनी जागा सोडायची नसते, हे आम्ही पाचवीतल्या मुलांना शिकवतो. राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या व्यक्तीला ते सांगण्याची वेळ यावी याचे वाईट वाटते. मैदानाच्या वाटपावर लिहिलेल्या लेखाचा प्रतिवाद करताना लेखकाच्या पगारापर्यंत जाण्याची गरज का भासली, याचा आपणच शांतपणे विचार करावा.

एक मुद्दा मात्र मोकळेपणाने मान्य करतो. पावसाबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. सातारा जिल्ह्याच्या आमच्या पश्चिम भागात जुलै-ऑगस्टमध्ये मैदानाचा चिखल झालेला असतो, ठरलेल्या तारखा हातच्या जातात आणि अशा वेळी बाद पद्धतीने, म्हणजे हरला तो संघ बाहेर, अशी स्पर्धा उरकण्यावाचून गत्यंतर नसते. साखळीचा माझा आग्रह दिवाळीनंतरच्या सत्रापुरता समजावा.

आता ‘काम टाळणाऱ्या क्रीडाशिक्षकाची सोय’. खरे तर या एका वाक्यासाठीच मी लिहायला बसलो आहे.

आठवी ते दहावी, प्रत्येक इयत्तेच्या ४ तुकड्या, म्हणजे १२ वर्ग. खो-खोची स्पर्धा बाद पद्धतीने घेतली तर ११ सामन्यांत निकाल लागतो. ४ संघांना पहिल्या फेरीत न खेळताच पुढे चाल मिळते आणि निदान ४ वर्ग एकच सामना खेळून वर्षभरासाठी कट्ट्यावर जाऊन बसतात. तीच स्पर्धा इयत्तेनुसार साखळीने घेतली तर प्रत्येक इयत्तेत ६, असे १८ सामने होतात, मुलामुलींचे मिळून ३६, आणि कोणताही वर्ग ३ सामन्यांपेक्षा कमी खेळत नाही. इयत्तांच्या विजेत्यांची अंतिम फेरी त्यापुढे वेगळीच. काम टाळणारा माणूस यांतली कोणती पद्धत निवडेल हे कळायला क्रीडाशास्त्राच्या पदवीची गरज नसावी.

शिवाय हे सामने बसवायचे कुठे? नियमाप्रमाणे खो-खोच्या सामन्यात ९-९ मिनिटांचे ४ डाव असतात. आमची तासिका ३५ मिनिटांची. त्यात वर्ग रांगेने खाली येणार, ज्यांच्याकडे बूट नाहीत ते चपला काढून कडेला ठेवणार, हजेरी होणार, नाणेफेक होणार. हाती धड २५ मिनिटे उरत नाहीत. म्हणून आम्ही डाव ५ मिनिटांचा केला आहे. २७ मीटर लांबीच्या मैदानाची आखणी पहिल्या तासिकेपूर्वी पुरी झालेली असावी लागते, हिवाळ्यातल्या दहिवराने आखणीची पांढरी फक्की ओल धरते, आणि दोन सामने झाले की मधल्या पाटीच्या, म्हणजे खेळाडू बसतात त्या पट्ट्याच्या, रेषा अशा पुसल्या जातात की पुन्हा फक्की मारल्याशिवाय तिसरा सामना सुरू करता येत नाही. हे काम शिपाई करत नाही, मी करतो, आणि माझ्याबरोबर ज्या वर्गाचा त्या दिवशी सामना नाही त्या वर्गातली मुले करतात.

याद्यांचे काम आपण कधी केले आहे का, हे मला माहीत नाही. आमच्याकडे नियम असा आहे की एका मुलाचे नाव एकाच खेळाच्या यादीत येईल. ६० च्या पटाच्या वर्गात साधारण ३० मुले आणि ३० मुली धरल्या तर १२ जण खो-खोला, दुसरे १२ कबड्डीला आणि उरलेले रस्सीखेच व लंगडीला, असे करत वर्गातले एकूण एक मूल कुठल्या तरी संघात येते. वर्गशिक्षकाच्या सहीची यादी सामन्याच्या आदल्या दिवशी माझ्याकडे आली नाही तर वर्गाचे गुण कापले जातात. विजयापेक्षा सहभागाला गुण जास्त आहेत, आणि यादीत नाव असूनही ज्याला मैदानात उतरवले नाही त्याचा सहभाग धरला जात नाही; नाहीतर वर्गाचे कर्णधारही निवड संघाच्या प्रशिक्षकांसारखेच वागू लागतात.

निवड संघातल्या खेळाडूंना त्यांच्या खेळात वर्गाकडून खेळता येत नाही. ते पंच, गुणलेखक आणि वेळाधिकारी होतात. जिल्ह्यापर्यंत खेळलेली दहावीतली एक मुलगी गेल्या हिवाळ्यात खांबापाशी पंच म्हणून उभी राहिली, तेव्हा खो मिळण्याआधीच पाटीवरून उठणाऱ्या स्वतःच्याच वर्गमैत्रिणीला तिने लागोपाठ तीनदा शिट्टी वाजवून खाली बसवले. मैत्रीण चिडली, नंतर आठवडाभर दोघींचे बोलणे बंद होते. पण निर्णय बरोबर होते आणि सामन्याच्या गुणपत्रकात तसेच नोंदले गेले. त्याच आठवड्यात आठवी ‘ड’चा एक मुलगा, जो एरवी शारीरिक शिक्षणाच्या तासाला पाय दुखतो म्हणून बसून असे, खांबाला वळसा घालताना अशा हुलकावण्या देत राहिला की पूर्ण डावात पाठलाग करणाऱ्यांना तो सापडलाच नाही. आज तो सकाळी सहाला निवड संघाच्या सरावाला येतो. जूनमध्ये मुलांना ओळीत उभे करून उंची आणि धाव बघून केलेल्या निवडीत तो मुलगा मला दिसला असता, असे आपल्याला खरेच वाटते का?

आता थोडे स्वतःविषयी, कारण आपणच मला ‘तुम्ही कधी मैदान पाहिले आहे का’ असे विचारले आहे. मी ज्या शाळेत शिकलो तेथे निवड संघाशिवाय दुसरे काही नव्हते. मी त्या संघात होतो. जिल्हा स्पर्धेचे प्रमाणपत्र आजही माझ्या फायलीत आहे, आणि त्या संपूर्ण मोसमात मी राखीव खेळाडू म्हणून सतरंजीवर बसून पाण्याच्या बाटल्या सांभाळल्या. पुढे शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन नोकरीला लागलो त्या पहिल्या शाळेत जानेवारी उजाडला की माझ्या तासिका गणिताला दिल्या जात. संघ तालुक्याला जिंकून आला असल्यामुळे वर्षाचा खेळ झाला, असे मला तोंडावर सांगितले जाई. तेव्हा मैदान मी पाहिले आहे. बाहेरून अधिक पाहिले आहे, एवढेच.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचे साहित्य सांगितले आहे, आणि सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही. ही तरतूद शाळेतल्या प्रत्येक मुलासाठी आहे. ती निवडक १२ जणांसाठी आहे असा अर्थ काढायचा असेल तर आपण खुशाल काढावा.

खाशाबांचे नाव आपण घेतले ते बरे झाले. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. वडील पैलवान, घरात कुस्ती, आणि गावची तालीम अशी की जिच्या हौद्यात उतरायला कोणाच्या निवडयादीत नाव असावे लागत नव्हते. ज्याला अंगाला माती लावायची त्याने लावावी, अशा वातावरणातून तो माणूस पुढे आला. आपले उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देते आहे, हे ते नाव लिहिताना आपल्या लक्षात आले नसावे. त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. त्या दिवशी अनेक शाळांत फक्त विजेत्यांचे सत्कार होतात, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

पदकाचा आग्रह नेहमी खेळाच्या प्रेमापोटीच असतो असेही नाही. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि शासकीय नोकरीतले खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण पालकांना पाठ असते, आणि त्यात गैर काही नाही. मात्र त्याला खेळाची सेवा म्हणू नये. आपण तसे म्हटले आहे.

मुलींचा मुद्दा वाचून आश्चर्य वाटले. लेखात ‘मुले’ हा शब्द सर्वांसाठी आहे, हे कोणालाही कळावे. विमा आणि जबाबदारी या बाबी शाळा समितीच्या आणि मुख्याध्यापकांच्या अखत्यारीतल्या आहेत. माझ्याकडे प्रथमोपचाराची पेटी असते, ती उघडीच असते, आणि त्यापलीकडचे प्रश्न आपण त्यांना पत्राने विचारावेत. आपली प्रतिक्रिया मी काढून टाकणार नाही. पुढची प्रतिक्रिया मात्र नावानिशी असेल तरच प्रसिद्ध होईल.