‘ॲडमिनले जेल होते’ या मेसेजला उत्तर

धानखरेदी सुरू झाल्यापासून आमच्या भागातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे: ‘सरकार, पंचायत किंवा अधिकाऱ्याविरुद्ध लिहिणं आता गुन्हा आहे. कोणी लिहिलं तर ॲडमिनला अटक होईल. फक्त शुभेच्छा टाका, त्यातच सगळ्यांचं भलं आहे.’

आमच्या गावच्या ग्रुपच्या तीन ॲडमिनांपैकी मी एक. परवा एका शेतकऱ्यानं विचारलं, ‘केंद्रावर कट्ट्यामागे (पोत्यामागे) दोन किलो धान जास्तीचं घेतात, ते कोणत्या नियमानं?’ दहा मिनिटांत दुसऱ्या ॲडमिननं तो मेसेज उडवला आणि मला फोन केला, ‘भाऊ, उगाच लफडं नको.’ ना पोलीस आले होते, ना सरपंचाचा फोन. आपणच उडवला.

ॲडमिनच्या अटकेचं म्हणाल, तर प्रकरण आपल्याच गोंदिया जिल्ह्यातलं आहे. ग्रुपवर एकानं एका बाईबद्दल घाणेरडं लिहिलं, त्याला काढलं नाही म्हणून ॲडमिनवरही गुन्हा लागला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये तो रद्द केला. ॲडमिन माणसं जोडतो, काढतो. कोण काय लिहिणार हे त्याला आधी कळत नाही. संगनमत नसेल तर दुसऱ्याच्या लिहिण्याची शिक्षा त्याला नाही. लिहिणारा मात्र सुटत नाही.

सरकारविरुद्ध लिहिणं गुन्हा, असा कायदाच नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाखाली फेसबुकच्या पोस्टवरून पोरांना उचलायचे, ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. हिंसेची चिथावणी नसेल तर सरकारवरची कडक टीकाही राजद्रोह नाही, हे तर १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यापासून ठरलेलं आहे. मर्यादा आहेत: बदनामी, अश्लीलता, दंग्याची चिथावणी. जातीवरून कोणाला हिणवलं तर मीही उडवीन. काट्याचा हिशेब यातल्या कशात बसतो?

‘शुभेच्छांतच भलं’ हे मला सगळ्यात जास्त लागतं, कारण ते लोकांना मनापासून पटतं. पानठेल्यावर दोघं-तिघं म्हणालेच, ‘बरं झालं, कटकट मिटली.’ अरे, दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, आपण रातभर दंडार हे लोकनाट्य पाहतो, त्यात पाटलाची न् साहेबाची टर उडाली की पोट धरून हसतो. १९४२ मध्ये भजनांतून लोकांना उठवणाऱ्या तुकडोजी महाराजांना इंग्रजांनी तुरुंगात टाकलं, तरी भजन थांबलं नाही. आणि आपण दोन किलो धानाचा प्रश्न पुसून टाकतो?

त्या शेतकऱ्याचा प्रश्न मी आज ग्रुपवर पुन्हा टाकला आहे. ज्यांच्याकडे मोजणीची पावती असेल, त्यांनी खाली फोटो लावा.