फोड वाळले म्हणजे नागीण संपली असं नसतं

"फोड तर कधीच वाळले, मग आता कसलं दुखतंय?" नागीण होऊन गेलेल्या म्हाताऱ्या माणसाला हे ऐकवणं बंद व्हावं, म्हणून लिहितेय.

लहानपणी कांजिण्या झाल्या की त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो दडून राहतो. वयाने किंवा आजारपणाने प्रतिकारशक्ती खालावली की एखाद्या नसेच्या वाटेने वर येतो, तीच नागीण. फोड जातात, पण नसेची इजा काहींना महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं पोळत राहते. माझ्या आत्याला पोलक्याचं कापड बरगडीला लागलं तरी सहन व्हायचं नाही. रात्र रात्र बसून काढायची.

ही वेदना नुसती सोसायची गोष्ट नाही. इजा झालेल्या नसेभोवती प्रतिकारशक्तीच्याच पेशी गोळा होतात. मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी चाळवतात, सायटोकाइन्स नावाची दाह वाढवणारी रसायनं सोडतात आणि नसा आणखी हळव्या होतात. घरचे राखणदारच घर जागं ठेवतात म्हणा ना. शिवाय झोप जाते, आणि झोप गेली की प्रतिकारशक्तीही खालावते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात १६४ निरोगी माणसांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला होता. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. ती माणसं तर धडधाकट होती. सत्तरीतल्या, दुखण्याने पिचलेल्या बाईचं काय होत असेल?

आणि आपण तिला देतो काय, तर इम्युनिटीचे काढे! तिला हवा असतो वेदनेवरचा उपचार. साध्या वेदनाशामक गोळ्या इथे सहसा पुरत नाहीत. गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, अमिट्रिप्टिलीन अशी नसांच्या दुखण्यावरची औषधं आहेत. गुंगी, तोल जाणं हे त्रास त्यांनी होऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्याच देखरेखीखाली घ्यायची. पण "या वयात कशाला त्या गोळ्या" म्हणून ती नाकारू नका.

नागिणीचा वेढा पुरा झाला की माणूस जातो, ही भीती खोटी आहे. नागीण बहुधा अंगाच्या एकाच बाजूला, एका पट्ट्यात उठते. या भीतीपायी माणसं आधी नागीण उतरवणाऱ्याकडे जातात, गेरूचा लेप लावतात, आणि विषाणूवरची गोळी फोड उठल्यापासून ज्या ७२ तासांत सुरू व्हायला हवी ते तास निघून जातात.

नागिणीवरची, पन्नाशीनंतर घ्यायची दोन डोसांची लस २०२३पासून भारतात मिळते. महाग आहे, सगळ्यांना परवडणारी नाही. सरकारी दवाखान्यात ती मिळावी, ही मागणी आपणच लावून धरायला हवी.