एकाच संगणकात दोन कंपन्यांची ग्राफिक्स कार्डे: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. आपली प्रतिक्रिया मुद्देसूद आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. ‘गेम वेगाने चालावा म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची दोन ग्राफिक्स कार्डे जोडीने राबवू नयेत’ या माझ्या लेखातील विधानावर आपले तीन आक्षेप आहेत. विंडोज ७ पासून एनव्हिडिया आणि एएमडी यांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) एकाच संगणकात सुखाने नांदतात, हा पहिला. डायरेक्टएक्स १२ वर, म्हणजे गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणाऱ्या विंडोजमधल्या प्रणालीवर, मिश्र जोडी २०१५ मध्येच चालवून दाखवली गेली, हा दुसरा. आणि आपल्याकडे एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०७० असताना एएमडीचे जुने आरएक्स ६६०० पडून राहते, ‘८ अधिक ८ असे १६ जीबी’ कार्ड-स्मृती वाया जाते, हा तिसरा. यांतली पहिली दोन विधाने अगदी खरी आहेत. मात्र दोन कार्डे एका केबिनेटात चालू असणे आणि दोघांनी मिळून एकाच खेळाचे चित्र रंगवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझे विधान दुसरीविषयी होते.

विंडोज व्हिस्टाच्या ड्रायव्हर रचनेत दोन कंपन्यांची कार्डे एकत्र चालतच नसत. विंडोज ७ ने ती आडकाठी काढली. पण ड्रायव्हर शेजारी बसले म्हणजे ते एकमेकांशी बोलू लागतात असे नव्हे. ते बोलणे घडवून आणण्याचा एक धाडसी प्रयत्न इस्राएलच्या ल्युसिड कंपनीने केला होता. तिची हायड्रा चिप बसवलेला एमएसआयचा बिग बँग फ्युजन हा मदरबोर्ड २०१० च्या सुरुवातीला बाजारात आला. गेमकडून येणाऱ्या आज्ञा मधल्यामध्ये अडवून त्या दोन्ही कार्डांत वाटून देणे, ही त्यामागची कल्पना होती. कल्पना विलक्षण होती आणि मला तिच्याविषयी आजही आदर आहे. परंतु प्रत्येक नव्या गेमसाठी ल्युसिडचे सॉफ्टवेअर नव्याने जुळवून घ्यावे लागे, आणि त्या ओझ्याखाली ती कल्पना टिकली नाही.

डायरेक्टएक्स १२ ने हे ओझे उचलून गेम बनवणाऱ्यांच्या खांद्यावर ठेवले. आपण ज्या ‘अ‍ॅशेस ऑफ द सिंग्युलॅरिटी’चा दाखला दिलात, त्यात एएमडीचे रेडिऑन फ्युरी एक्स आणि एनव्हिडियाचे जीफोर्स जीटीएक्स ९८० टीआय खरोखरच एकत्र चालली, आणि कोणते कार्ड मुख्य ठेवायचे यावरही निकाल बदलत होता. पण त्यासाठी कामाची वाटणी, दोन स्मृतींमधली ने-आण आणि दोघांचा ताळमेळ हे सगळे त्या गेमच्या निर्मात्यांनी स्वतः लिहिले होते. इतकी मेहनत घेणारे त्यांच्यामागून फारसे कोणी आले नाही. ज्या कंपनीने एकाच जातीची दोन कार्डे जोडण्याचे तंत्र वर्षानुवर्षे विकले, त्या एनव्हिडियानेही १ जानेवारी २०२१ पासून त्या तंत्राच्या, म्हणजे एसएलआयच्या, नव्या प्रोफाइल (गेमनिहाय जुळणीच्या सूचना) देणे थांबवले.

यामागचे कारण तांत्रिक आहे. अशा जोडीत साधारणपणे एक फ्रेम, म्हणजे पडद्यावरचे एक चित्र, पहिले कार्ड काढते आणि पुढची दुसरे. कार्डे असमान असली की फ्रेम समान अंतराने येत नाहीत. एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम) आकडा मोठा दिसतो, पण डोळ्यांना अडखळणे जाणवते. शिवाय आजच्या बहुतेक गेममध्ये कडा गुळगुळीत करण्यासाठी आधीच्या फ्रेममधली माहिती लागते, आणि ती नेमकी दुसऱ्या कार्डाच्या स्मृतीत असते. ती दर वेळी ओढून आणायची तर वाचवलेला वेळ तिथेच खर्ची पडतो.

१६ जीबीचा हिशेबही याच कारणाने जुळत नाही. फ्रेम कोणीही काढो, तिला लागणारी टेक्श्चर (पृष्ठभागांची चित्रे) त्या कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीत हवीत; म्हणजे तीच ८ जीबी दोन्हीकडे. आपल्या ३०७० ची स्मृती भरली की उरलेला माल मुख्य रॅममध्ये सांडतो, शेजारच्या ६६०० मध्ये नाही.

आता जिथे मिश्र जोडी मला मनापासून पटते, त्याकडे येतो. काम फोडून द्यायचे नसेल, तर दोघांना वेगवेगळी कामे द्यावीत. लॉसलेस स्केलिंग या प्रोग्रामात मुख्य कार्ड गेमच्या खऱ्या फ्रेम काढते आणि दुसरे त्यांच्यामधल्या फ्रेम तयार करून मॉनिटरला पाठवते; कंपनी कोणती, याने तिथे काहीच अडत नाही. अडते ते स्लॉटपाशी, म्हणजे मदरबोर्डावर कार्ड बसते त्या खाचेपाशी. फोर-के आकाराची एक साधी फ्रेम सुमारे ३३ एमबीची असते. सेकंदाला ६० खऱ्या फ्रेम म्हणजे जवळजवळ २ जीबी. बी५५० चिपसेटच्या मदरबोर्डांवरचा दुसरा लांब स्लॉट पुष्कळदा पीसीआय एक्सप्रेस ३.० चा आणि चारच लेनचा (माहिती वाहणाऱ्या मार्गिकांचा) असतो, म्हणजे कागदावर सेकंदाला सुमारे ४ जीबी. तेवढ्यात काम भागते, एचडीआर (अधिक उजळ-गडद छटांचे चित्र) लावल्यास ओढाताण होऊ शकते. स्लॉट एकाच लेनचा असेल, तर हा खटाटोप करू नये. मधल्या फ्रेम दिसायला गुळगुळीत असल्या तरी माउसचा प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्याच गतीने मिळतो, हेही ध्यानात असू द्यावे.

फिजएक्सच्या (गेममधल्या धूर, कापड अशा गोष्टींच्या हालचालींचे गणित करणाऱ्या एनव्हिडियाच्या तंत्राच्या) बाबतीत तर कंपन्या वेगळ्या असणे कधीकधी सोयीचेच ठरते. आरटीएक्स ५० मालिकेने २०२५ मध्ये जुन्या गेममधल्या फिजएक्सला लागणाऱ्या ३२-बिट कुडाचा (कार्डावर गणिते चालवण्याच्या एनव्हिडियाच्या प्रणालीचा) आधार सोडल्यावर जुन्या गेमसाठी सोबत एखादे जुने जीफोर्स ठेवण्याची चाल पडली. पण दोन्ही कार्डे एनव्हिडियाची असली की दोघांना चालेल असा एकच ड्रायव्हर शोधावा लागतो. मुख्य कार्ड रेडिऑन असेल, तर जुन्या जीफोर्सचा जुना ड्रायव्हर तसाच राहू देता येतो.

आपल्या जोडीपुरते सांगायचे तर दोन्ही कार्डे मिळून साडेतीनशे वॉटपर्यंत वीज घेतील, त्यामुळे पॉवर सप्लायची क्षमता आधी पाहावी आणि वरच्या कार्डाच्या पंख्यांना हवा मिळते आहे ना, याची खात्री करावी. मॉनिटरची केबल ६६०० ला लावावी, विंडोज ११ च्या सेटिंग्जमधील ग्राफिक्स विभागात गेमसाठी ३०७० निवडावे, आणि लॉसलेस स्केलिंगमध्ये फ्रेम तयार करण्याचे काम ६६०० कडे सोपवावे. नंतर सरासरी एफपीएस न पाहता दोन फ्रेममधले अंतर किती स्थिर आहे ते पाहावे. ते डळमळीत असेल, तर ६६०० चांगल्या स्थितीत आहे तोवर विकून ते पैसे पुढच्या, अधिक स्मृतीच्या एकाच कार्डासाठी बाजूला ठेवावेत, असे मी आग्रहाने सुचवेन.